सातव्या दांडीपासून

हातभर रुंदीच्या जिन्यातून दोन पुरुष लांबीची अॅल्युमिनियमची नळी वर न्यायची म्हणजे तारेवरची कसरत. त्या दिवशी ती कसरत फसली. नळीचं टोक वरून उतरणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेच्या पट्ट्यात शिरलं. नळी आणणारी ती खालून ओढते आहे, बॅगवाला तो वरून!

"अहो, ओढू नका! वाकेल ना ती!"

"ती वाकेल? आणि मी पडेन त्याचं काय?"

"तुम्ही पडलात तर उठाल. ही वाकली की कामातून गेली."

वळणावरून एक हसरा चेहरा डोकावला. हा नवा टेस्टर, मामानं आजच नेमलेला. मामाचं अँटेनांचं वर्कशॉप होतं आणि डिझाइनची सगळी जबाबदारी या भाचीवर. दुसऱ्यानं घेतलेल्या मापावर तिचा काडीचा विश्वास नसे, म्हणून कारागीर तिला पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

दोघांनी मिळून नळी गच्चीवर नेली. तिथे खांबावर एक तयार अँटेना होती. माशाच्या काट्यासारखी, एका टोकाला लांब दांड्या, मग आखूड, आखूड, शेवटी बोटभर. आपल्याला किती कळतं ते दाखवायला त्यानं लांब दांड्यांची बाजू समोरच्या टॉवरकडे वळवली. ती खुदकन हसली.

"फिरवा. हिचं तोंड आखूड बाजूला असतं. केबलही तिथूनच जोडायची. सगळे इथेच फसतात."

"आजवर एकाच स्टेशनपुरत्या अँटेना तपासल्या हो. एवढ्या दांड्या कशाला पण?"

"सगळ्यात लांब दांडी सगळ्यात खालच्या फ्रिक्वेन्सीची, तिच्या अर्ध्या लाटेएवढी. पुढची हिच्या नऊ दशांश. त्यापुढची तिच्या नऊ दशांश. मधली अंतरंही त्याच प्रमाणात कमी होत जातात. जी लाट येईल, तिच्या मापाच्या दोन-तीन दांड्या जाग्या होतात. बाकीच्या गप्प."

"म्हणजे ही सगळ्यांचं ऐकते?"

"सगळ्यांचं. आणि प्रत्येकाचं नीट."

"नशीबवान आहे. माझी आई आम्हा चौघा भावंडांचं एकदम ऐकते, आणि कुणाचंच ऐकत नाही."

ती हसली... आणि मग काही कारण नसताना गच्चीवर जायची तिला सवयच लागली. त्याच्या हातचा चहा गोडमिट्ट असे, तरी ती तो पिई. वाऱ्यानं कागद उडाले की दोघं एकदमच वाकत. याच्या पुढे मात्र गाडी सरकेना. पाच महिने झाले, तरी "अहो, जरा पाना देता का?" हीच काय ती प्रेमाची भाषा!

आणि मग एके सकाळी पाहुणी आली. पांढऱ्या गाडीतून, केस मोकळे सोडून. गिऱ्हाईक कंपनीची इंजिनिअर होती, नवी अँटेना कुठवर आली ते बघायला आली होती. फाटकातूनच तिनं हाक मारली, "अरे गाढवा! आहेस कुठे?"

आणि गाढव काय खूष झालं, विचारू नका! दोघं एकाच कॉलेजात होती म्हणे.

फूटपट्टीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण पाच महिने 'अहो-जाहो' करत बसायचं आणि हिनं आल्या आल्या 'अरे गाढवा'? त्यात मामानं तेल ओतलं.

"पाहुणी त्याला पळवणार म्हणते. मोठी लॅब आहे त्यांची. दुपारी निघताना उत्तर घेऊन जाणार."

"जाऊ दे की. इथे कुणी बांधून ठेवलंय?" ती म्हणाली, आणि हातातला बोल्ट इतका आवळला की पाना निसटला.

नवी अँटेना अजून जोडायची होती. ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसली. एकावर एक ठेवलेल्या दोन चौकोनी नळ्या, आणि प्रत्येक दांडीचे दोन अर्धे तुकडे. पहिल्या, सगळ्यात लांब दांडीचा डावा तुकडा वरच्या नळीला, उजवा खालच्या. दुसऱ्या दांडीला बरोबर उलटं. शेजारणी अशा एकमेकींच्या उलट असल्या तरच अँटेनाचं तोंड पुढे राहतं. विणकामासारखं ती तोंडानं म्हणत जायची, "एक सुलट, एक उलट..."

सुलट, उलट. सुलट, उलट. सुलट... उलट.

सहा दांड्या झाल्या. तिनं सहज मान वर केली. बाहेर अंगणात पाहुणी त्याची दुमडलेली कॉलर सरळ करत होती. तो हसत होता. मान पुढे करून!

"उलट," ती पुटपुटली आणि सातवी दांडी जोडली. "उलट." आठवी. "उलट!" नववी. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. शेवटची दांडी लागेपर्यंत तिनं पुन्हा खाली बघितलंच नाही, म्हणजे कामाकडे. बघत होती ती खिडकीबाहेर.

दुपारी अँटेना गच्चीवर चढली. पाहुणी खाली मामाशी बोलत थांबली होती. तो खांब गोल फिरवत होता, पडद्यावर ग्राफ उमटत होता. खालच्या फ्रिक्वेन्सी सुरेख आल्या. वरच्या येताच चित्र बिघडलं. जोर सगळा मागच्या बाजूला!

त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, पेन्सिलीनं काही हिशेब केला, मग जवळ जाऊन दांड्या मोजल्या.

"सातवीपासून," तो म्हणाला. "सातवीपासून पुढे सगळ्या एकाच बाजूच्या लागल्यात. तुमच्या हातून?"

तिचे कान लाल झाले. जन्मात कधी अशी चूक झाली नव्हती.

"सहा अगदी अचूक. मग सातवीला काय झालं?"

"काही नाही. खिडकी उघडी होती."

"वारा आला?"

"वारा नाही. तुम्ही होता. ती होती. आणि... तुमची कॉलर होती."

मग त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"हसू नका!" तिचा आवाज चिरकला. "सकाळपासून जळतेय मी. ती हसली की पोटात दुखतं, तुम्ही हसलात की जास्तच दुखतं. चांगली असेल ती, लॅबही मोठी असेल... पण जाऊ नका. मला तुम्ही इथे हवे आहात."

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "मला वाटायचं, तुम्हाला दांड्यांशिवाय काही दिसतच नाही."

खालून गाडीचा हॉर्न वाजला. "अरे गाढवा! येतोयस ना? काय ते सांग लवकर!"

तो कठड्यावरून वाकला. "नाही येत!"

"का?"

"अँटेना उलटी लागलीय!"

"मग नीट कर आणि ये!"

त्यानं मागे वळून हिच्याकडे पाहिलं. "कारण पुरत नाहीये. खरं सांगू? ओरडावं लागेल... मामा खालीच उभे आहेत."

तिनं दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. तरी ती म्हणाली, "ओरडा."

"माझं हिच्यावर प्रेम आहे!"

समोरच्या खिडकीतली बाई कपडे वाळत घालायची थांबली. सायकलवाला पाय टेकून उभा राहिला. मामानं एकदा वर पाहिलं, एकदा पाहुणीकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला. पाहुणी मात्र कमरेवर हात ठेवून हसत सुटली.

"पाच महिने फोनवर हेच ऐकून माझे कान किटले! आणि तिला आज सांगतोयस होय? म्हटलं, तुला पळवून न्यायची भीती घातली तर निदान तोंड तरी उघडेल!"

दोन्ही हातांनी चेहरा झाकून उभी असलेली फूटपट्टी कठड्याशी आली. जिच्या गाडीची चारही चाकं पंक्चर व्हावीत म्हणून सकाळपासून तिनं देव पाण्यात ठेवले होते, तिलाच तिनं वरून हाक मारली, "अगं, अशी काय निघालीस? वर ये ना, चहा घेऊन जा!"