कुंपणापलीकडचा सातवा डाव

"बघ, आजोबा उठले!" मैदानातल्या बाकावर थीयाने आपल्या मित्राला, लायनसला, कोपर मारलं. "आजही सहावा डाव संपता संपताच!"

एकटे आजोबाच नव्हे, सगळी जुनी मंडळी बसायच्या गाद्या काखोटीला मारून निघाली होती. भोंगे ठणाणा वाजत होते, डायनासोरचा फुगवलेला वेश घातलेला माणूस कोलांट्या मारत होता आणि मैदानाचे नवे मॅनेजर मिस्टर प्रुइट ओरडत होते, "मज्जा येतेय ना?"

मजा कसली! बाकं ओस पडत होती. उद्या संघाच्या मालकीणबाई येणार होत्या. बाकं अशीच दिसली, तर वॉलनट फोर्डचा बेसबॉल संघ दुसऱ्या शहरात जाणार होता. मग उन्हाळ्यात उरणार काय? नुसतं ऊन!

"कंटाळत असतील," लायनसची धाकटी बहीण जूनी म्हणाली.

"आजोबा? तीस वर्षं इथे सामन्यात ऑर्गन वाजवलाय त्यांनी! भोंगे आले आणि तो ताडपत्रीखाली गेला. चला, पाठलाग!"

तिघं मक्याच्या शेताच्या कडेकडेने निघाली. कुंपणाला वळसा घातला आणि थबकलीच. मावळतीचं ऊन मक्याच्या तुऱ्यांवर मधासारखं ओघळत होतं. ओळीने उभ्या ट्रकांच्या मागच्या फळ्या उघड्या होत्या आणि त्यांवर पाय सोडून बसली होती ती जुनी मंडळी! प्रत्येक ट्रकमध्ये रेडिओवर हाच सामना हळू आवाजात चालू होता. कुंपणाआडून बॅटचा टोला ऐकू यायचा आणि जरा वेळाने तोच टोला पुन्हा रेडिओतून! थीयाला वाटलं, संध्याकाळच स्वतःशी पुटपुटतेय.

सातव्या डावाची मधली सुट्टी झाली, उभं राहून गाणं म्हणायची. सगळे आळोखेपिळोखे देत उभे राहिले. आजोबांनी खिशातून माउथ ऑर्गन काढला आणि सगळ्यांनी नेहमीचं गाणं गुणगुणायला सुरुवात केली.

"आजोबा!"

साखर चोरताना सापडल्यासारखे आजोबा दचकले. "अगं, आत शेजाऱ्याशी बोलायचं तरी बोंबलावं लागतं!"

"मग मिस्टर प्रुइटना सांगितलं का नाही?"

"बिचारा एवढा राबतोय. विचारलं की आम्ही म्हणतो, छान चाललंय."

"सगळेच?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"म्हणून रोज एक भोंगा वाढतोय!" लायनसने कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी सहावा डाव संपला. मालकीणबाई रिकाम्या बाकांकडे बघत होत्या. मिस्टर प्रुइटनी घाम पुसत नवा खेळ जाहीर केला, "जो सगळ्यात मोठ्याने ओरडेल, तो सातव्या डावाचा मॅनेजर!"

थीयाने जूनीकडे पाहिलं. जूनीने श्वास घेतला आणि अशी काही किंचाळली, की डायनासोर धपकन खाली बसला!

"माझ्या वतीने ही बोलेल!" जूनीने मिळालेला माइक थीयाच्या हातात कोंबला.

थीयाने माइक तोंडाशी धरला. "भोंगे बंद करा! मागचं फाटक उघडा! आणि ऑर्गनवरची ताडपत्री काढा!"

मिस्टर प्रुइट पांढरे पडले. पण नियम त्यांचाच होता!

मैदान शांत झालं. हातमोज्यात चेंडू बसल्याचा आवाज आला. कुणीतरी शेंगा फोडत होतं, तेही ऐकू आलं. मग फाटकातून गाद्या घेऊन एकेक जण आत आला. मधल्या सुट्टीत आजोबा ऑर्गनवर बसले. पहिला सूर जरा खोकलाच. पुढे सगळं मैदान उभं राहून गाऊ लागलं, मालकीणबाईसुद्धा!

"संघ इथेच राहणार," त्या डोळे टिपत म्हणाल्या. "शाब्बास, मॅनेजरीणबाई!"

"पण मला कुणी सांगितलंच नाही हो!" मिस्टर प्रुइट कळवळले.

"चूक आमची," आजोबा म्हणाले. "आम्हा म्हाताऱ्यांना जमलं नाही, ते या पोरांनी केलं."

"बरं, निदान डायनासोर कसा वाटतो?"

"छान आ..." आजोबांनी थीयाकडे पाहिलं. ती डोळे वटारून उभी होती. ते खाकरले. "खरं सांगू? भयंकर आहे!"

आणि सगळ्यात मोठ्याने हसला तो डायनासोर!