बंद खोलीतला कूलर

सर्व्हिस इंजिनिअर स्वप्नाली नांदेडहून लातूरला आली होती ती एका डाळमिलचा कॉम्प्रेसर पाहायला. परंतु कुंपणापलीकडून दुसऱ्याच कॉम्प्रेसरचा धोक्याचा भोंगा ऐकू आला आणि ती थेट त्या शेजारच्या मिलमध्ये शिरली. परवानगी मागत बसावे असा तो प्रसंग नव्हता.

कॉम्प्रेसरच्या खोलीचे दार उघडताच धगधगती हवा तोंडावर आदळली. खोलीला खिडकी नाही, झरोका नाही. भिंतीला टेकून ऑपरेटर चंद्रप्पा धापा टाकीत बसलेला... आणि तुरीच्या फोलपटाने माखलेला एक उंच तरुण आत चक्क घरचा कूलर ढकलीत होता!

"हे शहाणपण कुणाचं?" ती कडाडली. "घरीसुद्धा बंद खोलीतच कूलर लावता?"

"घरी... खिडकीत लावतो," तो म्हणाला आणि स्वतःच थबकला.

"मग? कूलरची ओल मशीन ओढून घेणार, उष्णता मात्र इथंच कोंडणार! गरम हवा बाहेर न्यायला पत्र्याचा डक्ट हवा. तीन बाजूंना गोदामं आहेत, म्हणजे ही समोरची भिंत फोडा."

"तिच्यापलीकडं ओसरीत अप्पांची गादी हाय, मॅडम."

"मग ह्या मामांना गादीवर बसवा, आणि अप्पांना इथं!"

तो हसला. मिलमालक सिद्धेश्वरअप्पांचा हा थोरला मुलगा, मल्लिनाथ. त्या हसण्याचा तिला संताप आला. आणि ते नांदेडपर्यंत आठवत राहिले, याचा त्याहून अधिक.

डक्टच्या मापांसाठी तिने नंबर दिला होता; मग रोज त्याचा फोन येऊ लागला.

"भिंत फोडली?"

"अप्पांशी बोलून राहिलो."

"बोलूनच राहा!"

"...जेवलात का?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मी न्हाई जेवलो. म्हणून विचारलं."

ती फोन ठेवी. आणि दुसऱ्या दिवशी तो वाजेपर्यंत कशातही तिचे चित्त लागत नसे.

एके दिवशी मात्र त्याचा आवाज कापत होता. चंद्रप्पा त्या खोलीतच कोसळला होता.

मिळेल त्या एसटीने ती आली. तिने मुख्य स्विच खाली ओढला. मशीन थांबले.

"मामा?"

"दवाखान्यात... शुद्धीवर हायेत."

"ज्याला बापासमोर तोंड उघडता येत नाही," तिचा आवाज रागाने चिरकला, डोळे भरून आले, "त्यानं मला पुन्हा फोन करू नये. कधीच!"

मल्लिनाथने तिच्याकडे एकदाच पाहिले. कोपऱ्यातला घण उचलला आणि भिंतीवर घातला. पुन्हा घातला. विटा निखळल्या, पलीकडची पांढरीशुभ्र गादी लाल धुळीने भरून गेली.

"कुणाच्या हुकमानं?" भगदाडातून अप्पा गरजले.

"हिच्या!"

"ही कोण लागती आपली?"

मल्लिनाथने घण खाली टेकवला.

"अजून कुणी न्हाई. पण लगीन करीन तर हिच्याशीच... ही हो म्हणाली तर!"

"मला विचारलंत?" स्वप्नाली उसळली. "आधी बापाला सांगता?"

"विचारून राहिलो की आता—"

"आता नाही! आधी मामांची माफी मागा. मग नांदेडला येऊन माझ्या बाबांसमोर विचारा. ह्याच आवाजात!"

अप्पांनी धुळीने माखलेल्या गादीकडे पाहिले, भिंतीतल्या भगदाडाकडे पाहिले. मग पायांत चपला सरकवल्या.

"गाडी काढ. माफी मलाबी मागायची हाय."

गाडीत ती वाटभर खिडकीबाहेर पाहत राहिली. गाल अजून तापलेले होते. परंतु मल्लिनाथच्या कपाळावरचा घाम विटांच्या धुळीसह डोळ्यांत उतरू लागला, तेव्हा तिने त्याच्याकडे न पाहता आपल्या ओढणीचे टोक पुढे केले.