नमिताच्या मशीनवरची पहिली ओळ

न्हावा शेव्याच्या शीतगृहाचं दार उघडलं, तेव्हा शहजाद मुकादम दाराला टेकूनच मेला होता. नखं फुटली होती, दारावर रक्ताचे ओरखडे गोठले होते. दाराची आतली कडी तुटली होती, तीच दुरुस्त करायला तो ऑफिसला कळवून आत गेला होता. बाहेरून कुलूप पडलं, थंडी वाढत गेली आणि हाका ऐकायला कोणी नव्हतं.

कुलूप आणि तापमान दोन्ही ऐरोलीच्या ऑफिसातून चालायचं. दुपारी हुकूम गेला होता तो नमिता भोईरच्या मशीनवरून, तिच्याच लॉगिननं. महिन्यापूर्वीच ती टीमची प्रमुख झाली होती. आता तिला बेड्या घालायची सगळ्यांना घाई होती. फक्त इन्स्पेक्टर गीतांजली ठाकूर यांना नव्हती.

सर्व्हरच्या नोंदीत लॉगिननंतर तीन ओळी होत्या. पहिली टर्मिनलची, दुसरी कुलपाची, तिसरी तापमानाची.

"टर्मिनलची कशाला?" गीतांजलींनी विचारलं.

"सर्व्हर जुना आहे, मॅडम," नमिता डोळे पुसत म्हणाली. "माझं मॅक, टीममधल्या इंद्रजितचं लिनक्स, मितेशचं विंडोज. कुठलं टर्मिनल, म्हणजे कुठल्या जातीचं मशीन बोलतंय, ते त्याला सांगावं लागतं. नायतर स्क्रीनवर नुसता कचरा येतो."

"रोज सांगता?"

"मी सेटिंगमध्ये कायमचं टाकलंय. आपोआप जातं, ओळ टाइप करावी लागत नाय."

"माझंही तिनंच करून दिलं," इंद्रजित म्हणाला.

"आणि तुमचं?"

मितेश तुच्छतेनं हसला. "माझं मी बघतो. प्रत्येक गोष्ट काय हिच्याकडूनच शिकायची?"

"दुपारी कुठे होतात?"

"जेवायला. सगळेच होते. खाली-वर चालूच असतं."

"आणि नमिताचं मशीन?"

"उघडंच राहिलं," नमिता पुटपुटली. "पासवर्डपण विचारत नाय ते."

गीतांजलींनी दोघा पुरुषांना आळीपाळीनं तिच्या खुर्चीत बसवलं. "तिच्या लॉगिननं आत जा आणि आजचं तापमान दाखवा."

इंद्रजितनं थेट तापमान विचारलं. मितेशची बोटं सराईतपणे पळाली. आधी एक ओळ, मग तापमान.

"ही पहिली ओळ कसली?"

"टर्मिनलची. सवय आहे..." त्यानं बोटं कीबोर्डवरून उचलली.

"खुनाच्या नोंदीतही हीच आहे, अक्षर न अक्षर. विंडोजची. नमिताचं मशीन आपली ओळख आपणच देतं. मॅकवर बसून ती विंडोज कशाला सांगेल? इंद्रजितच्या हाताला ही ओळ माहीतच नाही. रोज हातानं टाइप करणारा इथे तू एकटा. खुर्ची तिची घेतलीस, मितेश, पण बोटं तुझीच होती."

शहजादची बायको नफिसा कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती उठली.

"माझ्या मान्सानं तुझं काय बिघडवलं व्हतं?"

मितेशनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काय नाय. मला नमिताला हटवायचं होतं. त्यासाठी आत कोणीतरी पाहिजे होतं."