सारवणाखालचा सूर

सात साते एकोणपन्नास,
अंगणी उतरला दिस,
ये गं पोरी ओसरीस,
पाटी घेऊन…

आवाज जरा घोगरा होता. शेवटच्या ओळीला तो हलकेच खाली यायचा, डोक्यावरची भरली घागर जपून उतरवावी तसा. डॉ. वैजयंती तांबट यांनी डोळे मिटले. प्रयोगशाळेच्या पांढऱ्या भिंती विरून गेल्या आणि पिंपळदऱ्याची शाळा उभी राहिली. ओल्या पाटीचा वास, कौलांतून उतरणारा उन्हाचा कवडसा, आणि त्या कवडशात धोतराचा सोगा सावरत फिरणारे खैरमोडे गुरुजी.

गुरुजींना जाऊन वीस वर्षं होऊन गेली होती. त्यांच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण कुणाकडेच नव्हतं. स्पीकरमधून येणारा हा सूर त्यांच्या विद्यार्थ्यांच्या डोक्यांतून थेंब थेंब गोळा केलेला होता.

डॉ. इम्तियाज मुकादम यांनी पडद्यावर चाचणीचा एक प्रश्न लावला, चार पर्यायांचा, आणि मुद्दाम उत्तर न देता बसून राहिले.

"कुठं अडलं गं?" आवाजाने विचारलं.

मुकादम हसले. "मला 'गं' म्हणतायत. मिशी दिसत नाही बहुतेक."

"शाळेत मुलीच जास्त होत्या. सवय ती," वैजयंती म्हणाल्या.

मुकादमांनी कुठल्याच पर्यायाला हात लावला नाही. मग तो आवाज शब्दांवाचून गुणगुणू लागला.

"अस्संच करायचे," वैजयंतींनी पदराने डोळे टिपले. "पोर अडलं की रागवायचे नाहीत. गुणगुणत राहायचे."

या आवाजाचं नाव होतं गुरुनाद. डोंगरावरच्या ज्या वस्त्यांना शिक्षक मिळत नव्हते, तिथल्या सगळ्या शाळांसाठी सरकारला एकच बोलता, ऐकता, उत्तर देणारा आवाज हवा होता. वैजयंतींनी गुरुजींचं नाव सुचवलं होतं. विद्यार्थ्यांनी ऐकलेलं सारं गुरुनादात उतरलं होतं: गुरुजींचं बोलणं, थांबणं, हसणं, पोरांना सांभाळून घेणं. त्यावरून तो आता नवी वाक्यंही बोलत होता. समितीचा निर्णय सोमवारी व्हायचा होता. राहिली होती फक्त गुरुजींच्या मुलीची आठवण.

ती मुलगी, शारदा, दुपारी आली. वैजयंतींची वर्गमैत्रीण, आता निवृत्त शिक्षिका. पिशवीतून तिने शेंगदाण्याच्या पोळ्यांचा डबा काढला.

"वैजू, हे आधी खा. मग काय ते डोकं उघडा माझं. आत भाजीचे हिशेब नि नातवाचं वेळापत्रक सोडून काही निघायचं नाही, आत्ताच सांगते."

"ते आम्ही गाळून घेतो, शारदाताई," मुकादम पोळीचा तुकडा मोडत म्हणाले. "तुमच्याकडे लहानपणी जमीन सारवायचे?"

"आता जमिनीचं काय मध्येच? सारवायचे की. सणवार आला की हातभर शेण घेऊन बसायचो दोघी मायलेकी."

"मग निम्मं काम झालं. माणूस एखादी गोष्ट पहिल्यांदा ऐकतो, तेव्हा मेंदूत तिचा एक ठसा उठतो. आम्ही त्याला मूळठसा म्हणतो. ती गोष्ट पुन्हा आठवली की मेंदू तो ठसा नुसता बघत नाही, त्यावरून हात फिरवतो. नवा थर चढतो. आठवताना मन हळवं असेल तर थर हळवा, रागात असेल तर रागीट. आणि पुढच्या वेळी तुम्हाला दिसतो तो सगळ्यात वरचा थर. आमची ही स्मृतिश्रवणी थर मोजते, आणि अगदी तळाचा आवाज ऐकते. ऐकू आलेलाच हं. मनातलं तिला कळत नाही."

"म्हणजे जे फार आठवतो, ते फार बदलतं?"

"सगळ्यात लाडकी आठवण, सगळ्यात जास्त थर."

"म्हणजे माया खोटं बोलते म्हणा की."

"खोटं नाही हो," मुकादम म्हणाले. "सारवते."

शारदा हसली, पण तिचा हात पोळीवर थबकला. "आणि जे कधी आठवलंच नाही?"

"ते दोन तऱ्हांचं. खरंच विसरलेलं असेल तर ठसा झिजतो, कडा पुसट होतात. पण मन जिथपर्यंत जातं आणि उंबऱ्यावरूनच मागं फिरतं, ती खोली आत जशीच्या तशी राहते."

शारदा चहा घेत बसली, तेव्हा मुकादमांनी वैजयंतींना शेजारच्या खोलीत बोलावलं. दार लोटलं. त्यांचा चेहरा बदलला होता.

"मॅडम, तुमच्या चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेची सकाळ. केंद्र तालुक्याला होतं. गुरुजी कुंपणाबाहेर कडुलिंबाखाली उभे होते. बरोबर?"

"बरोबर. पाळणा गुणगुणत होते. आमचे हात थरथरत होते ना, धीर द्यायला."

"तो तुमचा वरचा थर. हा तळ ऐका. तुमचाच."

शब्दांवाचूनची गुणगुण. आधी जात्यावरची ओवी. मग खळ्यावरची भलरी. मग पाळणा. पुन्हा ओवी. मग गवळण. प्रत्येक चाल थोडी, आणि मध्ये श्वासाएवढी उसंत.

"बाकीच्यांच्या तळालाही हेच आहे, याच क्रमानं. मला यातलं काही कळेना. म्हणून विचारतो, या चालींचा तुमच्या वर्गात काही अर्थ होता?"

वैजयंतींनी बोटांवर चाली मोजल्या. "चालींचा खेळ होता आमचा. गुरुजी प्रश्न विचारायचे, चार उत्तरं सांगायचे. कुणाला नाही आलं, की खरं उत्तर चालीतून द्यायचे. ओवी म्हणजे पहिलं, भलरी दुसरं, पाळणा तिसरा, गवळण चौथी. आम्ही तेवढी बोटं वर करायचो. काय हसायचो, मुकादम! तसा वर्ग मी पुन्हा कुठं पाहिला नाही."

मुकादमांनी त्या वर्षीची प्रश्नपत्रिका पडद्यावर आणली. चाली परीक्षेच्या वेळच्या म्हणून परीक्षा खात्याच्या संग्रहातून त्यांनी ती मागवून ठेवली होती. एकेका चालीसमोर एकेक प्रश्न. ओवी, पहिला पर्याय, बरोबर. भलरी, दुसरा, बरोबर. पडदा खाली सरकत राहिला.

"प्रश्न बाहेर कसे आले ते मला माहीत नाही," ते हळू म्हणाले. "उरलेली एखादी प्रश्नपत्रिका कुणीतरी खिडकीतून दिली असेल. पण मॅडम, हाच आवाज आपण सगळ्या वस्त्यांवर पाठवणार आहोत."

"नाही," वैजयंती म्हणाल्या. "तुम्हाला एक ठाऊक नाही. तेव्हाही कुणीतरी तक्रार केली होती, चौकशी झाली होती. आमचा सगळा वर्ग शिष्यवृत्तीच्या यादीत आला, पण शारदा नाही. गुरुजींची पोटची पोर! चौकशीचे साहेब म्हणाले, ज्याला चोरी करायचीय तो आधी घरच्या लेकीला देईल. तिथंच मिटलं ते. आणि गुरुजींनी असं केलं असेल तर मग मी…"

त्या शिष्यवृत्तीवर त्या निवासी शाळेत गेल्या होत्या. तिथून पुढचं सगळं, अगदी ही प्रयोगशाळासुद्धा, त्या कडुलिंबाखालून निघालेल्या वाटेवर होतं.

"मुद्दा बिनतोड आहे," मुकादम म्हणाले. "म्हणजे शारदाताईंच्या तळाशी काय आहे त्यावर सगळं ठरणार. तिथं चाली वेगळ्या निघाल्या, तर मी माझा तर्क फाडून टाकतो."

शारदाने श्रवणीचा टोप डोक्यावर घेतला. "नवरीचं मुंडावळ्यांनी झालं नसेल इतकं जड झालंय डोकं," ती म्हणाली, आणि डोळे मिटून बसली.

आठवण जागी व्हायला मुकादमांनी आधी शाळेची घंटा ऐकवली, लोखंडी रुळाच्या तुकड्यावरचे टोले. पडद्यावर रंगीत थरांच्या पट्ट्या उमटल्या. चालींच्या खेळाचे दिवस जाडजूड होते, थरावर थर. शारदाने ते शेकडो वेळा आठवले होते. तळाशी गुरुजींचा आवाज होता: "बघा, शारदीनं चाल सुरू व्हायच्या आधीच बोट वर केलं!" आणि वर्गाचं हसू.

"मला तर ती नेहमी सांगायची, गाण्यातलं काही कळत नाही म्हणून," वैजयंती पुटपुटल्या.

मग तालुक्याच्या केंद्राची घंटा ऐकवली. पडद्यावर एकच पट्टी आली. पातळ, धारदार, कडा शाबूत.

मुकादम पुढे वाकले. "एकही थर नाही. एवढ्या आयुष्यात ही सकाळ त्यांनी एकदाही आठवलेली नाही."

"विसरली असेल."

"विसरली असती तर झिजली असती. ही राखून ठेवलीय."

आवाज सुरू झाला. कागदांची सळसळ, कुणाचं तरी खोकणं. कुंपणापलीकडून भलरी. आणि तिच्यावर, अगदी जवळून, एका लहान मुलीची कुजबुज: "भलरी. दोन." मग पाळणा. "पाळणा. तीन." मग ओवी, आणि एक मोठा श्वास, रडू आवरताना घ्यावा तसा. "ओवी. एक."

स्पीकर बंद झाला तेव्हा शारदाने टोप काढून मांडीवर घेतला होता. तिनेही ऐकलं होतं.

"माझा आवाज इतका बारीक होता होय गं?" ती म्हणाली.

"शारदे, तुला कळत होतं." वैजयंती तिच्यासमोर येऊन बसल्या. "मग तू राहिलीस कशी?"

शारदाने टोपाच्या तारा सारख्या केल्या.

"शेजारच्या बाकावर एक मुलगी होती, दुसऱ्या कुठल्या गावची. लाल रिबिनी. प्रश्न वाचताना तिचे ओठ हलायचे, मग ती छताकडे बघायची, बोटं मोडायची. तिच्यासाठी बाहेर कुणी गुणगुणत नव्हतं. एवढंच डोक्यात आलं बघ. दहा वर्षांच्या पोरीला दुसरं काय सुचणार?"

"पण तुला येत होतं की! वर्गात सगळ्यांत हुशार तू. चाली सोडून द्यायच्या नि आपलं आपण लिहायचं."

"तेच तर करता येईना, वैजू. प्रश्न वाचून होईपर्यंत चाल कानात यायची. मला येत होतं त्याचंही उत्तर चालीतनंच यायला लागलं. माझं कुठलं आणि बाबांचं कुठलं, वेगळंच काढता येईना. मग मी प्रत्येक ठिकाणी दुसराच गोल काळा केला."

मुकादम खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"चौकशीच्या साहेबांनी मला समोर बसवलं," शारदा म्हणाली. "तुला या चाली कळतात का, बाळ? मी म्हटलं, मला गाण्यातलं काही कळत नाही. बाबा शेजारीच उभे होते. खेळात सगळ्यांच्या आधी बोट माझंच असायचं, त्यांना ठाऊक होतं. तरी मान खाली घालून उभे राहिले. मी त्यांच्या चोरीत सामील झाले नाही, आणि त्याच्याच आडोशाने ते सुटले."

"आणि घरी?"

"संध्याकाळी ओसरीवर जवळ घेतलं. म्हणाले, कुठं अडलं गं, शारदे? मी बोलले नाही. ते परत कधी कुठल्या परीक्षा केंद्रावर गेले नाहीत. घरात गुणगुणणं थांबलं. आलेल्या-गेलेल्याला सांगायचे, आमच्या शारदीला सूर नाही. मी हो म्हणायचे. दोघांनाही माहीत, आणि दोघंही गप्प. अंथरुणाला खिळले तेव्हा किती वेळा वाटलं, बोलावं. पाणी पाजलं नि उठून आले."

वैजयंतींनी तिचा हात धरला. आपल्या प्रत्येक सत्कारात, प्रत्येक भाषणात त्यांनी तो कडुलिंबाखालचा पाळणा सांगितला होता. सांगता सांगता बाकीच्या चाली त्याच्याखाली गेल्या होत्या. खोटं बोलल्या नव्हत्या त्या. सारवत राहिल्या होत्या, इतक्या मायेने की खालची जमीन दिसेनाशी झाली.

"सोमवारी मी समितीला हे सांगणार आहे," त्या म्हणाल्या. "माझ्यासकट सगळं. पण शारदे, ते पाढे, त्या ओव्या… ते खोटं नव्हतं गं. तेवढा एक दिवस वगळून गुरुनाद ठेवता येईल का, असं आत्ता मनात येतंय."

"कळेल की," शारदा उठली. निवृत्त झाली तरी तिचा हात शिक्षिकेचा होता. तिने गुरुनादाच्या पडद्यावर प्रश्न लिहिला. सात साते किती? खाली चार पर्याय: बेचाळीस, सत्तेचाळीस, एकोणपन्नास, छप्पन्न. वर लिहिलं: परीक्षा.

आणि ती गप्प बसली.

"कुठं अडलं गं?" गुरुजींच्या आवाजाने विचारलं. तोच घोगरा, तीच हळूच खाली येणारी घागर. वैजयंतींचे डोळे भरले.

शारदा बोलली नाही. थोड्या वेळाने तो आवाज गुणगुणू लागला, मायेने, शब्दांवाचून.

पाळणा.

मुकादमांनी तीन बोटं वर केली, आणि मग ती मिटून हात खाली घेतला. सकाळी चाचणीच्या प्रश्नावरही त्यांनी हेच ऐकलं होतं, आणि वैजयंतींना ते ऐकून भरून आलं होतं. विद्यार्थ्यांच्या तळाशी जे होतं, ते सगळं गुरुनादात उतरलं होतं. परीक्षा आणि अडलेलं पोर दिसलं की तो हेच करणार होता, प्रत्येक वस्तीवर, प्रत्येक पोरासाठी. त्यातला एक दिवस वेगळा काढता येणार नव्हता. माया आणि चोरी त्याने एकाच चालीत शिकली होती.

वैजयंतींनी बंद करायच्या कळीकडे हात नेला.

"थांब," शारदा म्हणाली. "एवढं झालं की बंद कर."

ती स्पीकरजवळ गेली. ओसरीवर बसावं तशी खाली जमिनीवर बसली, पाय दुमडून. पाळणा संपत आला. शेवटचा सूर हलकेच खाली उतरला, आणि आवाजाने पुन्हा विचारलं, "कुठं अडलं गं?"

"अडलं नव्हतं, बाबा," शारदा म्हणाली. "मला चाल कळली होती."