सात नंबरच्या भेटी

चूक बापाची. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे तो कुणाला बोलू देत नाही.

बाप वृद्धाश्रमाचा मॅनेजर. कॉम्प्युटरमध्ये त्याने दोन टेबलं, म्हणजे नोंदींचे तक्ते, केलेली: आश्रमात राहणाऱ्यांचं एक, भेटींचं दुसरं. दारातल्या यंत्रावर पाहुण्याने खोलीचा नंबर आणि नातं दाबायचं नि आत यायचं. म्हणून दोन्ही टेबलं जोडताना बापाने माणूस धरलाच नाही, खोली धरली. "माणसं जातात रे, खोल्या राहतात," ही त्याची अक्कल.

कॉलेज सोडून घरी बसलेल्या पोराला त्याने काम लावलं. प्रत्येकाच्या भेटी मोज. ज्यांच्याकडे कुणीच येत नाही त्यांना मागच्या हॉलमध्ये हलवू.

पोरगा पाया पडला, आत्याला हलवू नका म्हणून. सात नंबरात त्याची आत्या होती, बापाची सख्खी बहीण. भाऊ त्याच इमारतीत बसायचा आणि तिच्या दारात फिरकत नव्हता. पोरगा रोज जायचा, पण घरच्यांची नोंद होत नसे. म्हणजे आत्या शून्य. आणि मागच्या हॉलमधून परत आलेलं माणूस त्याने पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीची दुपार कलली होती. ऑफिसात फिनाईलचा वास, पंख्याची घरघर. नुसता जॉइन केला, म्हणजे दोन टेबलं जोडली, तर भेट नसलेली माणसं निकालातून गळून पडतात, म्हणून त्याने एकही गळणार नाही असा जॉइन लावला, माणसागणिक गट केले आणि मोजलं.

आत्यापुढे सगळ्यांत मोठा आकडा.

तो हसला. खोली धरून जोडलं की असंच होणार; सातमध्ये आधी राहून गेलेल्या म्हातारीच्या भेटी आत्याच्या नावावर चढल्या होत्या. त्याने अट घातली, आत्या आल्यानंतरच्याच भेटी मोज.

आकडा उतरला. शून्यावर आला नाही.

त्याने ओळी उघडल्या. नातं: मुलगा. रोज. आत्याला मूलबाळ नव्हतं. त्याने क्वेरी, म्हणजे तीच मोजणी, पुन्हा चालवली. आकडा एकने वाढला... आत्ता, या मिनिटाला कुणीतरी आत गेलं होतं.

तो धावला. बाहेर कडकडीत ऊन, आणि सात नंबरच्या दाराशी ओल्या मातीचा वास. आत्या पलंगावर, खुर्ची तिच्या गुडघ्यांना लागलेली.

"आत्या, कोण आलंय?"

"हळू बोल... आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."

"कुणाचा?"

"मला आई म्हणतो. म्हटलं, अरे बाबा, तुझी आई गेली, मी नवीन... ऐकतच नाही. म्हणतो, खोली तर हीच."

"ऊठ. चल इथून."

"सोडत नाही रे..."

तिचा हात रिकाम्या खुर्चीवर होता. कुणी घट्ट आवळावीत तशी बोटं पांढरी पडली होती. त्याने ओढून पाहिलं. हात हलला नाही.

तो बापाकडे पळाला. "बाबा, आत्याला मागच्या हॉलमध्ये हलवा. आत्ताच्या आत्ता."

"काल तर पाया पडत होतास, हलवू नका म्हणून!" बापाने चष्मा लावून स्क्रीन पाहिली. "अरे, एवढ्या भेटी आहेत हिला. नियमात बसत नाही."

"त्या तिच्या नाहीत, खोलीच्या आहेत! तुम्ही जोडलंयच चुकीचं!"

"कॉलेज झेपलं नाही, आणि बापाला शिकवतोय. आकडा खोटं बोलतो का?"

आकडा पुन्हा वाढला. बाप समाधानाने मान डोलवत राहिला. पोरगा परत धावला तेव्हा आत्या तशीच बसली होती, डोळे उघडे, खुर्चीकडे वाकलेली. अंग गार पडलं होतं.

"वय झालं होतं," बाप म्हणाला. चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी भेटींच्या टेबलात नवी ओळ होती. खोली: मॅनेजरची केबिन. नातं: बहीण. बाप आत फोनवर बोलत होता. समोरची खुर्ची टेबलाला चिकटलेली. पोराने बाहेरून दार लोटून घेतलं.

त्याची आत्या गेली. घरच्यांत त्याच्याशी धड बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.