पालथ्या पायऱ्या

लाइट गेलीय तर जाऊ दे, मेणबत्ती शोधू नकोस. बस खाली. आणि तू, तो मोबाइल खिशात टाक. ऐकायचं तर नीट ऐका, नाहीतर जाऊन झोपा.

हे माझ्या मित्राच्या घरी घडलंय. आर्किटेक्ट होता. कुठेही गेला तरी आधी मापं घ्यायचा, म्हणून आम्ही त्याला फुटपट्टी म्हणायचो. मी तेव्हा लाकडाला पॉलिश करायचो. त्याची सगळी कामं माझ्याकडेच असत.

एका रविवारी सकाळी मला म्हणाला, "चल, वखारीत जाऊ. घरच्या जिन्याला लाकूड बघायचंय."

त्याच्याकडे अरुंद, गोल लोखंडी जिना होता. वरच्या खोलीत आई. कंबरेचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं तिने जमिनीला पाय लावला नव्हता. डॉक्टरांनी हात टेकले, पण हा ऐकेल तर शपथ. "आई स्वतःच्या पायांनी जिना उतरणार," म्हणायचा. "त्या गार लोखंडावर ती पाऊल टाकायची नाही. पायाला बरं वाटेल असं लाकूड हवं." लग्नबिग्न काही केलं नव्हतं पठ्ठ्याने. आई हेच त्याचं सगळं जग.

वखारवाल्याने आधी बाहेरदेशातलं नवं लाकूड दाखवलं. गुळगुळीत आणि स्वस्त. फुटपट्टीने नख दाबलं, तर खूण उठली.

"हे लाकूड आहे की पाव?" तो म्हणाला. "आपल्या रानातलं जुनं काढ. ऊनपाऊस खाऊन मुरलेलं. जे फुगायचं-वाकायचं ते फुगून-वाकून झालंय, असं."

मागच्या शेडमध्ये पाडलेल्या एका घराचा अख्खा जिना ठेवला होता. सागवानाच्या चौदा पायऱ्या, एकेक फळी दीड इंच जाड. टिचकी मारली की टणटण वाजायची. खिळ्याने जरा खरवडलं तर वास कालच कापल्यासारखा. आमच्या दोघांच्याही तोंडाला पाणी सुटलं. खोट एकच. चौदाच्या चौदा पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या होत्या.

"यात आईचा पाय अडखळेल," फुटपट्टी म्हणाला. "पालथ्या घालू. दुसरी बाजू कोरी आहे."

बरोबर म्हातारा मिस्त्री होता. तो म्हणाला, "साहेब, दार फिरवा, टेबल फिरवा. वापरलेली पायरी पालथी घालत नाहीत."

"का?"

"ते माझ्या बापाने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

आम्ही हसलो. आणि मीच म्हणालो, "घाल रे पालथ्या, खालून कोण बघतंय?" माझीच जीभ ही. अजून सलतं मला.

जिना झाला. उघडा, दोन फळ्यांमधून पलीकडचं दिसेल असा. वरून मी पॉलिशचे सात हात मारले. खालच्या खोलगट बाजूला बोटही लावलं नाही.

तेरा नोव्हेंबर, गुरुवार. रात्रीचे दहा वाजून वीस मिनिटं. फुटपट्टी खाली नकाशा काढत बसला होता. वर आई झोपलेली. घरात तिसरं कोणी नाही.

टक.

लाकूड आहे, रात्री गारव्याने वाजतं. त्याने मान वर केली नाही.

टक.

ही दुसरी पायरी. मग तिसरी. त्याने बघितलं, जिन्यावर कोणी नव्हतं. उठून जवळ गेला. वाकून जिन्याखाली बघितलं. तिथेही कोणी नाही. आणि त्याच्या डोक्याच्या वर, चौथ्या फळीवर... टक. वरून नाही, खालून. फळीच्या झिजलेल्या बाजूवर कोणीतरी पाऊल टाकलं होतं. पाय वर, डोकं खाली. असं कोणीतरी चढत होतं.

काय म्हणालास? उलट्या पायांचं भूत? नाही रे. पाय सरळच होते. उलटं आम्ही केलं होतं.

दहावी. अकरावी. हा खाली उभा राहून मोजतोय. बारावी... तेरावी... चौदावी.

मग काहीच नाही.

मग वरच्या खोलीतून आईचा आवाज. हळू. कोणाशी तरी बोलत होती. ओळखीच्या माणसाशी बोलतो ना, तसं.

"थांब गं... आले."

"आई!" तो धावला. सातव्या पायरीपर्यंत पोचला, आणि थबकला.

ते उतरत होतं.

चौदावी. तेरावी. पण आता एक टक नव्हतं. टक... टक. मागोमाग. दोघं.

बारावी. अकरावी. दहावी. नववी.

आठवी...

सातवी. त्याच्या तळव्याखाली. मध्ये फक्त दीड इंच लाकूड. खालून एक पाय टेकला. बर्फासारखा गार. त्या जाड फळीतून त्याला कळला. गेला तो.

मग दुसरा टेकला.

तो ऊबदार होता.

...

वर गेला तेव्हा आई पलंगावर होती. चेहरा शांत. अंग गरम. श्वास नव्हता.

हे त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, माझा हात घट्ट धरून, लहान मुलासारखा रडत. मी म्हणालो, धक्का बसलाय तुला, भास झाला असेल. दुसरं काय म्हणणार?

आठ दिवसांनी त्याने मला आणि मिस्त्रीला बोलावलं. जिना काढा म्हणाला. मिस्त्री एकेक फळी सोडवून माझ्या हातात देत राहिला. सातवी मी फिरवून बघितली.

फुटपट्टी रोज रात्री नऊ वाजता आईच्या तळपायांना तेल चोळायचा. त्या गुरुवारीही चोळलं होतं.

फळीच्या खोलगट भागात तेलाचा डाग होता. एका पावलाचा. टाच, पाच बोटं, अंगठ्यापाशी वाढलेलं हाड, त्याच्या आईचं होतं तसंच. फुटपट्टीने एकदाच बघितलं आणि खाली बसला. मी पॉलिश पेपरने घासलं. मिस्त्रीने रंधा मारला, एकदा, दोनदा, फळी पातळ होईपर्यंत. भुसा पडत राहिला. ठसा तसाच.

बोटं खालच्या पायरीकडे.