तळ्याकडचं दार

आमच्या गावच्या हॉलचा एक नियम आहे, आणि तो का आहे हे विचारायचं नाही, हाही नियमच. सभेआधी हॉलची दोन्ही दारं सताड उघडायची, तळ्याकडचं आणि रस्त्याकडचं. दोन दारांमधला पट्टा रिकामा ठेवायचा, तिथे एकही खुर्ची नको. मग कुणीतरी उभं राहून म्हणायचं, की ही जमीन इथल्या मूळच्या अनिशिनाबे लोकांची आहे आणि आम्ही त्यांच्या शेजाराने इथे राहतो. थोडा वेळ सगळे गप्प. मग दारं लावायची. जानेवारीत उणे तीस असलं तरी यात फरक नाही.

लहानपणी मी लेम्पीआजीला, म्हणजे माझ्या आजीच्या धाकट्या बहिणीला, विचारलं होतं की दारं कशाला उघडायची. तिने माझ्या टोपीची नाडी इतकी आवळून बांधली की पुढचं मला बोलताच येईना.

आमचे पणजोबा फिनलंडहून इथे लाकूडतोडीला आले. दोन तळ्यांच्या मधल्या उंचवट्यावर त्यांनी हा हॉल बांधला, आणि तेव्हापासून दारं उघडली जात होती. या शरद ऋतूत समितीचे प्रमुख उर्हो काका म्हणाले, "तळं तापवायचा ठेका घेतलाय का आपण?" सगळे हसले, आणि तळ्याकडचं दार फळ्या मारून बंद झालं. ते शब्द तर म्हणूच, काकांनी समजूत घातली, आता चांगले छापून, फ्रेम करून भिंतीवर लावू. वाचायला मी, कारण मी थंडर बे शहरात कॉलेज करून आलेली. मी विरोध केला तेव्हा मात्र त्यांच्या लेखी मी अजून लहान होते.

म्हणून मी वर्ना शाबाक्वेला विचारलं. पलीकडच्या किनाऱ्यावर तिच्या लोकांची वस्ती आहे. तिच्या घराण्यातलं कुणी ना कुणी आमच्या प्रत्येक सभेला येऊन भिंतीशी बसतं. कधीतरी कानावर पडलेलं मी बोलून दाखवलं, तुमची वाट आमच्या हॉलमधून जाते म्हणे?

"तुमच्या हॉलमधून कुठली जाते, पोरी," ती म्हणाली. "आमच्या वाटेवर तुमचा हॉल आहे."

मग हसत हसत तिने सगळं सांगितलं. या तळ्यातून रस्त्यापलीकडच्या त्या तळ्यात जायचं तर होड्या खांद्यावर घेऊन हा उंचवटा ओलांडायचा, हे आमच्या पणजोबांच्या कितीतरी आधीपासूनचं. पणजोबांनी हॉलसाठी जागा मागितली, तेव्हा तिच्या लोकांनी दिली. अट एकच होती. वाट अडवायची नाही. "तुमची म्हातारी माणसं कुडकुडली, पण शब्द पाळला त्यांनी," वर्ना म्हणाली. "माझी आजी म्हणायची, तळं गोठायच्या आत शेवटचे लोक पार होतात." कोण लोक, हे मी विचारलं नाही. ती आता हसत नव्हती.

सभेच्या दिवशी दुपारी मी खुर्च्या मांडायला आणि कॉफीची मोठी किटली ठेवायला हॉलवर गेले. नोव्हेंबरचे दिवस, दुपार सरतासरता अंधारून आलेलं. तळ्याच्या कडा गोठल्या होत्या, मध्ये अजून काळं पाणी दिसत होतं. खुर्च्या काकांनी आधीच येऊन मांडल्या होत्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत, मधल्या पट्ट्यावरसुद्धा.

किटलीत पाणी ओतताना आधी वास आला. ओल्या सालीचा, धुराचा, होडीच्या सांध्यांना लावतात त्या झाडाच्या डिंकाचा. मग तळ्याकडून पावलं ऐकू आली. बर्फावरून जड ओझं घेऊन चालणाऱ्या माणसांची, एकामागून एक. ती दाराशी येऊन थांबली. काहीतरी लांबलचक, हलकेच जमिनीवर टेकवलं गेलं. दमलेल्या माणसांचे श्वास... आणि एका लहान मुलाचा प्रश्न, वर्नाच्या तोंडी ऐकलेल्या भाषेत. एका म्हाताऱ्या आवाजाने त्याला समजावलं.

मी धावत बाहेर पडून हॉलला वळसा घातला. दारापुढे कुणी नव्हतं. बर्फावर पाखराच्या पायाचीही खूण नव्हती.

आत आले, तर फळ्यांपलीकडे श्वास तसेच चालू.

भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण त्या भीतीच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं. एवढी माणसं, एवढं ओझं, एवढी थंडी, पलीकडे गोठत चाललेलं तळं, आणि दारावर एक थापसुद्धा नाही. त्यांना शब्द दिलेला होता, म्हणून ती उभी होती. असा विश्वास आमच्यावर ठेवणारं दुसरं कोण आहे?

मी फळ्या ओढून पाहिल्या. नखं तुटली, फळी हलली नाही. शेवटी मी फटीशी तोंड नेलं.

"थांबा..." मी म्हटलं. "मी सांगते त्यांना."

पलीकडचे श्वास थबकले. जणू ऐकत होते.

संध्याकाळी सगळे जमले. उर्हो काकांनी केकचं ताट मधल्या पट्ट्यावरच्या टेबलावर ठेवलं. हॉल कसा उबदार झालाय, असं जो तो म्हणत होता. लेम्पीआजी पुढच्या रांगेत, मधल्या पट्ट्यावर बसली, वर्ना नेहमीसारखी भिंतीशी. काकांनी माझ्या हातात ती फ्रेम दिली.

मी शब्द पाहिले. सुंदर होते. एकही खोटा नव्हता.

"मी हे वाचणार नाही," मी म्हटलं.

काका हळूच म्हणाले, की पाहुणे आलेत, तमाशा करू नकोस. मी फ्रेम पालथी करून टेबलावर ठेवली.

"खिळे मारलेल्या दारासमोर मी हे वाचणार नाही. दार उघडा, मग वाचते. तळं आज रात्री गोठणार आहे."

"म्हणून काय झालं?" काकांनी विचारलं.

उत्तर माझ्याआधी लेम्पीआजीने दिलं, पण बोलून नाही. ती उठली, मधल्या पट्ट्यावरची आपली खुर्ची उचलून भिंतीशी नेली आणि वर्नाच्या शेजारी बसली. तिच्यामागोमाग आणखी एक खुर्ची सरकली.

तेवढ्यात फळ्यांपलीकडे, खाली टेकवलेलं ओझं कुणीतरी पार व्हायच्या तयारीने पुन्हा खांद्यावर घेतल्याचा आवाज झाला.